कायमचा पत्ता

विडी घरकुलात, सूप मांडीवर,
राजव्वा फोन खांद्यानं कानाशी दाबते.
तिकडून स्रवंती: "आत्या, पी.आर. झालं की!
गुण मोजतात इथं. वयाचे, नोकरीचे, भाषेचे.
कमी पडत होते, म्हणून फ्रेंच शिकले."

कात्री पानावरून फिरत राहते.
सासरा सिरसिल्ल्याहून आला
तेव्हा कुणी काय मोजलं?
जॉबरनं तुटला धागा पुढं केला,
यानं तो एका दमात जोडला.
"उद्या ये," म्हणाला.
त्या उद्याला सत्तर वर्षं झाली.

ती स्वतः लग्नातून आली.
मराठी शून्य.
मंगळवार बाजारात नुसतं बोट दाखवून
पहिलं वर्ष काढलं.
नावाचा पहिला कागद, विडी कार्ड.
फोटोत डोळे मिटलेले,
तरी साहेबानं शिक्का मारला.

"थंडी लई असंल. चादर पाठवू?"
"इथंच मिळाली, आत्या.
कोपऱ्यात लेबल, सोलापूर."

राजव्वा हसते. फोन ठेवते.
आकडा कुठवर आला होता?
नऊशे साठ... का पन्नास?
पुन्हा पहिल्यापासून मोजते.
हजार भरल्याशिवाय
कारखान्यात घेत नाहीत.