टपाला भोक

नवी गाडी. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही,
आणि मी तिच्या टपाच्या मधोमध
पेन्सिलीनं फुली मारतो.
हैबती शेलार, वनखात्याचा ड्रायव्हर, बोनेटपाशी उभा.
"मुल्लाभाई, चुंबकवाली नाय का बसत?
भोक पाडायलाच पायजे?"

चुंबकवाली बसते. मागच्या गाडीला तीच होती.
कासच्या पुढं जांभळीच्या फांदीनं ती कधी ओढून नेली
कुणाला कळलंच नाही.
मग वणव्याच्या रात्री, अंधारीच्या उतारावर,
गाडी बोलत राहिली, बोलत राहिली.
पहाटे चौघं चालत वर आले,
भुवया जळालेल्या.
हे मी काढत नाही. हैबतीही काढत नाही,
नुसता भुवईवरून अंगठा फिरवतो
आणि म्हणतो, "पाडा."

ड्रिल लावतो. आधी पांढरा रंग सुटतो, मग तांबूस थर,
मग पत्रा ओरडतो.
हैबती तोंड फिरवून पोवई नाक्याकडं बघत राहतो,
पोरीचे कान टोचताना बाप बघतो तसा.

चुरा चुंबकानं वेचायचा, कण ठेवायचा नाही,
श्रावण संपायच्या आत तिथंच गंज धरतो.
कडेचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा,
कारण अर्धी अँटेना ही काडी
आणि उरलेली अर्धी हा टप.
बापू दबडे सांगायचे मला.
त्यांच्या हाताला डाखाचा वास यायचा,
भाकरी मोडतानासुद्धा.

केबल खांबातून खाली, डॅशबोर्डमागं. मीटर जोडतो.
"दारं लावा. लांब व्हा सगळे.
चहावाल्या, तूपण."
काटा एक-आठवर.
पाठवलेलं थोडं उंबऱ्यावरूनच माघारी येतंय.
दोन मिलिमीटर कापतो. एक-सहा.
आणखी एक. एक-चार.
आता हात आखडतो. कापलेलं चिकटत नाही.
पट्टी दोनदा लावतो, मग कानशीनं नुसतं घासतो.
एक-दोन.
असू दे. एक-एकच्या नादात
बऱ्याच काड्या आखूड केल्यात मी.

यवतेश्वराच्या वळणावर, पाचापैकी पाच.
कासच्या तळ्यापाशी, पाच.
पुढं डोंगर आडवा येतो, खरखर सुरू होते.
अंधारीच्या उतारावर मी म्हणतो, "थांबव. इथं बोल."

हैबती माईक उचलतो. गाडीचा नंबर सांगतो, जागा सांगतो,
वारा कुठला, गवत किती वाळलंय तेही सांगतो,
परत नंबर सांगतो, परत जागा.
बटण दाबलेलंच. अंगठा पांढरा पडलाय.
"हैबती, बटण सोड.
तू सोडल्याशिवाय त्या बोलणार कशा?"

सोडतो.
एवढी शांतता, की इंजिन निवताना
टिकटिक करतंय तेही ऐकू येतं.

मग घाटगे मॅडम, सातारा कंट्रोलवरून,
जरा नाकातून, पण सगळं स्पष्ट:
"ऐकतेय. मघापासून ऐकतेय. जेवलात का? ओव्हर."

हैबती माझ्याकडं बघतो. बटण दाबतो.
"परत सांगा," म्हणतो, "ओव्हर,"
आणि लगेच सोडतो.

मी वहीत लिहितो: अंधारी उतार, पाचापैकी चार.
टपाच्या अस्तरात एक वायसर राहिलाय बहुतेक,
परतताना खुळखुळत होता.
उद्या बघू.