खांद्याला ठाऊक

बाला गावाच्या वर, खिंड जिथे संपते
त्या वळणावर माझी चहाची व्हॅन उभी असते.
तिचं वजन आजवर कोणी विचारलेलं नाही.
गॅसच्या दोन टाक्या, बिडाचा तवा,
नवऱ्याने जाता जाता ठोकून दिलेली ओकची फळी,
आणि मी.

रविवारी साडेनवाला ते येतात
आपापल्या बिनछपराच्या गाड्या घेऊन,
कानटोप्या, लाल नाकं, मांडीवर ताडपत्री.
वेल्समध्ये वर्षातून किती दिवस छप्पर उघडता येतं
हा प्रश्न त्यांच्यात काढायचा नसतो.

यंदा विषय एकच. नवी गाडी.
दोघांपुरती, कापडी छपराची, कोणी न पाहिलेली.
तुरी अजून बाजारात,
आणि इथे फोडणीवरून भांडण.

इद्रिस म्हणतो, नऊशे ऐंशी किलो.
स्लेटच्या खाणीत तीस वर्षं वजनकाट्यावर होता,
आकडा असा देतो जणू पावती फाडून देतोय.
हेद्विन म्हणतो, हजाराच्या खाली? ह्या जमान्यात?
मग एअरबॅगा कुठे ठेवतील, खिशात?
विजेची मोटर असणार, लिहून ठेव.

विजेची म्हटल्यावर दोघेजण कप खाली ठेवतात,
सुतक लागल्यासारखे.

मग गिअर. सहाच. आणि हातानेच.
मग छप्पर, एका हाताने मागे टाकता यायला हवं,
सिग्नल सुटायच्या आत.
(इथून जवळचा सिग्नल तीस मैलांवर.)
नेस्टा शाळेत गणित शिकवते. ती कागदी रुमालावर
एका धूसर फोटोतली सावली मोजून
दोन चाकांमधलं अंतर काढते.
सावली सकाळची की दुपारची, यावर
माझे चार चहा खपतात.

धाकटा ओसियन, अजून लायसन्स नसलेला,
फक्त रंग विचारतो.
त्याला कोणी उत्तर देत नाही.
हिरवी असेल, मी म्हणते.
तो माझ्याकडे बघून हसतो, मोठ्या माणसांना हसतात तसा.

मंगळवारी धुकं होतं.
मी नुकतीच फळी पाडली होती, पाणी तापायचं होतं,
तेव्हा ती आली, अंगभर काळ्यापांढऱ्या वेड्यावाकड्या पट्ट्या चिकटवलेली,
छप्पर उघडं, आत एक पोरगा,
आणि शेजारच्या सीटवर वाळूची पोती,
पट्टा लावून बसवलेली.
ह्यांना पण चहा का, मी विचारलं.
तो हसला नाही. थंडीने त्याला हसता येत नव्हतं.

चहा पिऊन किल्ली फिरवली, तर गाडी गप्प.
पुन्हा फिरवली.
त्याने फोनकडे पाहिलं. खिंडीत फोन लागत नाही.
मग माझ्याकडे पाहिलं.

मी सत्तावन्न वर्षांची बाई, एक गुडघा बदललेला.
एप्रनला हात पुसले, मागे गेले, खांदा लावला.

कसं सांगू.
बापाच्या कुरणात आजारी मेंढी उचलताना
आपण सगळा जोर लावतो,
आणि ती इतकी हलकी निघते की आपलाच तोल जातो.
तसं झालं. मी जवळजवळ तोंडावर आपटले.
उताराला लागून इंजिन खाकरलं, धरलं,
आणि माझ्या हाताला
पट्टीचा एक निघालेला कोपरा चिकटून राहिला.
त्याच्याखाली काय होतं ते मी पाहिलं होतं.

एवढंच. कप परत द्यायला तो विसरला.

सांगितलं असतं. दोनदा तोंडाशी आलं.
पण आकडा मला तरी कुठे कळलाय?
इद्रिसचा खरा असेल, किंवा हेद्विनची शंका.
खांद्यात काटा नसतो.
आणि खरं सांगायचं तर, एकदा कळलं की
पुढच्या रविवारी ही माणसं
इतक्या वर चढून कशाला येतील?

मैर, तूच सांग, इद्रिस ओरडतो,
हजाराच्या वर की खाली?

साखर किती, मी विचारते.

तीन, तो म्हणतो.

बघा, हेद्विन सगळ्यांना सांगतो,
आणि हा वजनावर बोलतो.