वरचे पन्नास सेंटिमीटर

उद्यमबागेत मष्णू देसूरकर पत्रा वाकवतो
तेव्हा समोरच्या गाड्यावरचे चहाचे ग्लास थरथरतात.
माझ्या टेबलावर संकेश्वरकडच्या कारखान्याचा कागद:
प्रेसमडचा गॅस, तासाला तीनशे घनमीटर,
त्यात हायड्रोजन सल्फाइड, हजारात एक भाग.

हजारात एक म्हणजे किती?
दिवसाला दहा किलो. पिठाचा डबा भरेल एवढं.

वायूला घाई करू द्यायची नाही.
सेकंदाला दहा सेंटिमीटर, मुंगळ्याच्या चालीनं.
त्यातून टाकीचा व्यास निघतो, मीटरभर.
करवंटीचा कोळसा मुठीत मावतो,
आणि त्या मुठीच्या भोकाभोकांत सात एकर रान.
महिना काढायचा तर दीड टन.
उंची तीन मीटर साठ.

गणित इथं संपतं.
पण कोळसा रेघ मारून भरत नाही.
वर थकलेला, खाली ताजा,
मधे एक धूसर पट्टा, अर्धामुर्धा भरलेला,
रोज अर्धी वीत खाली सरकणारा.
(रेघ कागदावर असते तितकी बारीक जमिनीवर नसते,
हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.)
पट्ट्याचं टोक तळाला टेकलं
की वायू निसटला.

म्हणून वर पन्नास सेंटिमीटर.

हंगिरगेकर साहेबांनी ते लाल पेनानं खोडले.
"गिऱ्हाईक स्टीलचे पैसे मोजतंय, म्याडम."
मी म्हटलं, साहेब, हा वास येतोय तोवर बरं.
जास्त झाला की आधी नाक मरतं.
माणसाला वाटतं, हवा सुधारली.
तिथं रात्रपाळीला भीमशी असतो. एकटा.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.
मष्णू दारात, हाताला खडू:
"किती कापू, ते सांगा की."
"चार मीटर दहा,"
माझ्याकडे न बघता.

एकतिसाव्या रात्री फोन.
"म्याडम, वास बिलकुल नाही."
पोटात गोळा.
"नाकाचं सोड, भीमशी. मीटर बघ."
शिडीवर बूट. ब्लोअरची घरघर.
मग बराच वेळ नुसतीच घरघर.
मी केव्हाची उभी होते, कळलं नाही.

"सोन्ने," तो म्हणाला.

मला आधी सोनं ऐकू आलं,
मग शून्य.