चाळीस दिवसांचं

आईची एकच अट होती:
चाळीस दिवसांत हाती येईल तेवढंच पेर.
मुळा चालेल. हाळीव चालेल. फार तर बीट.
झाड नको.
झाडं राहायला आलेल्यांनी लावावीत,
आपण थांबलोय.

हे ती सत्तेचाळीस वर्षं म्हणते आहे.
मी इथेच जन्मले, थांबण्यात.

तस्लेमचं बोट टोचून नर्सने रक्त पाहिलं,
कार्डावर आकडा लिहिला
आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली.
रेशनात पीठ, डाळ, तेल, साखर.
त्या महिन्यात डाळही अर्धीच.

म्हणून तंबू आणि मातीची खोली
यांच्या मधल्या बोळात चार हात जमीन खणली.
खणली म्हणजे काय, कुदळ टणकन माघारी यायची.
वर मिठाचा पापुद्रा, खाली खडी.
बुजमाने दोन पोती लेंड्या आणल्या,
वाऱ्याच्या अंगाला गंजके पत्रे उभे केले.
टँकर बारा दिवसांनी येतो.
भांडी विसळलेलं पाणी, तोंड धुतलेलं पाणी,
डाळ धुतलेलं सगळ्यात चांगलं.
कुठलं कुणाला, ते मी ठरवायची
खाष्ट सासूसारखी.

पहिलं पीक वाळूने पुरलं.
दुसरं सलामूच्या बकरीने खाल्लं, बीटसकट.
त्यांनी दोन दिवस दूध पाठवलं.
गुलाबी नव्हतं,
मी उगाच निरखून पाहिलं.

तिसऱ्या खेपेला पानं डाळीत पडली.
तस्लेम म्हणाली, डाळीत घाण आहे.
मग तिने बोटाने ताटली पुसून खाल्ली.

आणि आता हे:
पत्र्याच्या कडेला,
तिनेच कधीतरी थुंकलेल्या खजुराच्या बीमधून
एक कोंब. गवताच्या पात्याएवढा, ताठ.
मी काही बोलले नाही.
आईने पाहिलं. बसून पाहिलं.
खजूर धरायला किती वर्षं लागतात
हे तिला कुणी सांगायला नको.

संध्याकाळी तिने चहाचे पेले विसळले
आणि मुळ्यासाठी मोजून ठेवलेलं ते पाणी
सरळ त्याच्या बुडाशी ओतलं.
एक फाटका टायर ओढत आणला, भोवती ठेवला.
"बकरीसाठी," म्हणाली.

मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता:
"जाताना मुळासकट नेऊ.
खोल खणावं लागेल, एवढंच."