मेलं की मळलं

पेखळे आले ते बादली घेऊनच.
माझ्या शेडमध्ये तीन नळ असताना
आडगावच्या बोअरचं पाणी डिकीतून आणलेलं,
पुरावा म्हणून.
बॉनेटवर ओतलं आणि म्हणाले, बघा.

पाणी पसरलं.
सारवल्यासारखं कडेपर्यंत गेलं
आणि तिथंच रेंगाळलं,
बिल द्यायचं नसलेल्या गिऱ्हाइकासारखं.
मागच्या दिवाळीत ह्याच पत्र्यावर
थेंब मण्यांसारखे उभे राहायचे.
"कोटिंग मेलं तुमचं. पाच वर्षं म्हणाला होतात."
गाडी त्यांची. कोटिंग माझं.

अंबडच्या पेंट शॉपात अकरा वर्षं काढली मी.
मेलेलं आणि मळलेलं सारखंच दिसतं,
एवढं तिथं शिकले.
म्हणून आधी विचारते.
धुतं कोण? पोरगा.
कशानं? भांड्याचा साबण, कधी वॅक्सचा शाम्पू,
हाताला लागेल ते.
पुसतो? उन्हात वाळते की आपोआप.
उभी कुठं असते?
इथं ते जरा थांबले.
बागेच्या कडेला. थॉमसनच्या.
ब्लोअर फिरतो तेव्हाही?
तेव्हाही.

काचेच्या रबराखालून बोट फिरवलं.
बोट निळसर आलं.

तौसीफनं बॉनेटवर पिवळ्या टेपचा चौकोन केला,
बसायच्या पाटाएवढा.
आधी साधा शाम्पू. काही नाही.
मग लोखंड खेचणारं औषध, सडक्या अंड्याच्या वासाचं.
दोन मिनिटांत पत्र्यावरून जांभळे ओघळ सुटले.
"घ्या, वाइन निघाली," पेखळे म्हणाले,
पण हसले नाहीत.
पाणी मारलं. चादर ती चादरच.
मग आंबट शाम्पू, क्षारांसाठी,
सावलीत, पत्रा गार असताना, वाळू न देता,
तीन मिनिटं.

तीन मिनिटं फार असतात
कुणी तुमच्या शब्दाकडे बघत उभं असेल तर.
पाथर्डी फाट्याकडे एक बस गेली.
तिच्या मागून दुसरी.

तौसीफनं पाणी सोडलं.

टेपच्या बाहेर पाणी आडवंच राहिलं.
टेपच्या आत उठून बसलं,
साबुदाण्याएवढं, मोहरीएवढं,
आणि घरंगळत जाऊन टेपला धडकलं.
पेखळे वाकले.
बोटानं एक थेंब ढकलला.
मग शेजारचा.
साठी उलटलेला माणूस,
मनगटात सोन्याचं घड्याळ.

सगळी गाडी केली. दुपार गेली त्यात.
छत आलं, दारं आली, डिकी आली.
ड्रायव्हरच्या दाराची वरची कड मात्र,
वीतभर,
तीनदा करूनही पाणी तिथं उभं राहीना.
इथं हात टेकता का?
छे, म्हणाले,
आणि छे म्हणताना हात नेमका तिथं टेकला,
घड्याळाच्या पट्ट्यासकट.

"हे मेलं," मी म्हणाले.
"मघाशी तर नाही म्हणालात."
मघाशी बॉनेटचं बोलत होते.
एवढ्याचे किती?
काही नाही. लावून देते.
रात्रभर गाडी इथं राहू द्या,
आणि पुढं हात आत.

रात्रभर नाही जमत, म्हणाले,
नाशिकरोडला पाहुणे उतरायचेत.
निघाले.
फाट्यावर वळताना दिसले,
गाडी लखलखीत,
कोपर बाहेर.

बादली राहिली इथंच.
तळाशी घोटभर बोअरचं पाणी होतं,
मी उन्हात ठेवली.
परवा बघितलं तर पाणी गेलेलं,
पांढरं कडं राहिलेलं.
नखानं खरवडलं, निघेना.
तौसीफ म्हणाला, टाकून देऊ?
मी म्हटलं, राहू दे.
पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला होईल.