दोन नंबरचा पोर्ट

मुल्लाणी काकू मगरिबला बसायच्या आत
ग्राइंडर बंद, असं ठरलंय आमचं.

उद्यमनगरच्या ढिगातनं किलोवर आणलेलं
मारुतीचं हेड
मोरीजवळ पोत्यावर उताणं.
चहात, भुवयांत, भाकरीच्या दुरडीत
ॲल्युमिनियमचा बारीक कीस.

हवा आळशी. वळण आलं की भिंत सोडते.
व्हॅक्युम क्लीनर लावून, नळीतल्या रंगीत पाण्यावर
मी तिचा आळस मोजतो:
एक नंबर, चार बोटं. तीन नंबर, चार.
दोन नंबर सहा. श्वास अडतोय.

शिरोलीहून आई येते.
कोअर शॉपला एकोणीस वर्षं.
चप्पल न काढता बसते, बोट घालते आत,
डोळे मिटते.

"कोअर सरकलाय ह्येचा.
घाईत बशिवलाय कुणीतरी.
शिफ्ट सुटायची येळ असंल."

मी ज्याला खडबड म्हणत होतो
ती वाळू होती, कुणाच्यातरी तळव्यानं दाबलेली,
ओतल्यावर झटकून टाकलेली,
तरी राहिलेली.

"ह्या अंगाला लागू नगंस.
भिंत पातळ हाय. पल्याड पाणी."

दुसऱ्या अंगानं घेतो, हलकं,
तिचं बोट पुढं, माझा बर मागं.
पाणी पाच बोटांवर येतं.
चार होणार नाही. बंद करतो.

आई तशीच परातीत पीठ घेते.
"हात धू की आधी!"

"एकुणीस वर्सं काय खाल्लं," ती म्हणते,
"वाटतंय तुला?"