निरंक

उद्यापासून ही खोली बंद.
परिपत्रक क्रमांक एकशे बारा, खाली गोल शिक्का:
रात्रीचे फोन यंत्र घेईल,
तातडीचे तेवढे तीन जिल्ह्यांत मिळून एका माणसाकडे जातील,
आणि ग्वाक योन्हुई, कनिष्ठ लिपिक, पशुसंवर्धन,
आपल्या घरी झोपेल.

मी ते वाचलं आणि जिन्यात जाऊन एकटीच हसले.

गांगवॉनच्या डोंगरातली ही कचेरी. अकरा वर्षं.
महिन्यातून दोन रात्री, सणवार आले की तीन.
पूर्वी रात्र पुरुषांची, रविवारचा दिवस बायकांचा;
मग समानता आली,
ती याच लष्करी घोंगडीत आली,
जिला आधीच्या सगळ्यांच्या मोज्यांचा वास होता.
जमीन अर्धीच तापते. दाराकडची बाजू गार.
भिंतीवर किल्ल्यांचं कपाट, त्यात सातव्या खिळ्यावर
कुठल्याच कुलुपाला न लागणारी एक किल्ली,
तीही दर पाळीला मोजून, सही करून ताब्यात घ्यायची.

फोन कसले येतात?
वळणावर पाणहरीण मरून पडलंय.
शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवतो, कायदा काय म्हणतो?
बर्फ कधी थांबेल? (हे आम्हाला.)
एक जण पगाराच्या रात्री पिऊन कर परत मागतो,
आईवरून शिव्या देतो,
आणि ठेवताना म्हणतो, 'फार कष्ट पडतात हो तुम्हाला.'
सकाळी सहाला नोंदवहीत शेरा: निरंक.
नऊला पुन्हा टेबलावर,
डोळ्यांत वाळू, समोर लाळ्या-खुरकुताचे तक्ते.
मुलगा तिसरीत आहे. त्याने 'आमचं घर' काढलं,
त्यात मी खिडकीबाहेर.

नामसाहेब म्हणतात, 'आमच्या वेळी भट्टीत कोळसाही आम्हीच टाकायचो.
अशा रात्रींनीच माणूस घडतो.'
घडलाय खरा. खुर्चीतून उठताना दिसतं.

दोन चाळीसला फोन.
तोच म्हातारा, प्यो जोंगदल.
माझ्या पाळीला, सगळ्यांच्याच पाळीला, वर्षानुवर्षं:
'पुलाजवळचा दिवा बंद आहे.'
दिवा बंद नसतो. तीनदा माणूस पाठवून झाला.
तरी लिहायचं: तक्रार, पथदिवा, पूल.
मी म्हटलं, आजोबा, उद्यापासून यंत्र बोलेल.
दिव्यासाठी चार दाबायचा.
'आणि तू?'
मी घरी. झोपलेली.

बराच वेळ नुसता श्वास.
वाटलं, आता रडणार;
प्रशिक्षणात शिकवलेलं वाक्य मी जिभेवर आणून ठेवलं.

'बरं झालं,' तो म्हणाला.
'मी रेल्वेच्या फाटकावर एकतीस वर्षं रात्री काढल्या.
पुढच्या स्टेशनातून एक जण दोन चाळीसला घंटी द्यायचा.
गाडी नसायचीच.
माझा डोळा लागला असता तर नोकरी गेली असती.
तुमच्या खोलीतला दिवा दिसतो इथून.
म्हटलं, कुणीतरी द्यायला हवी.'

आणि ठेवलाच फोन.
मी त्याला अकरा वर्षं
'वारंवार तक्रार करणारे' या रकान्यात लिहीत आले.

सहाला सही केली. पेन जरा अडलं.
मग लिहिलं, निरंक. रकाना तेवढाच असतो.

हे सगळं मागच्या महिन्यातलं.
भत्ता गेला, घोंगडी भंगारात गेली, मला दोन्हीचं दुःख नाही.
झोप लागते, खोटं कशाला बोलू,
मुलगा माझ्या पोटावर पाय टाकून घोरतो.

काल मात्र जाग आली. घड्याळ बघायची गरज नव्हती.
पाणी प्यायले. वाटलं, आज आपण द्यावी,
एकच घंटी, उचलायच्या आत ठेवून द्यावी.
पण नंबर नोंदवहीत,
नोंदवही त्या खोलीत, खोलीला कुलूप,
आणि किल्ली कुणाच्या ताब्यात आहे
यावर आता कुणीच सही करत नाही.